शाळा सुटली

लष्करात, कचेरीच्या फाटकाशी
निळ्या ताडपत्रीखाली माझं मशीन.
दिवसभर शपथपत्रं:
मैं, वल्द अमुक, उम्र अमुक, निवासी दौलतगंज.
तिथे मैंशिवाय पान हलत नाही,
वकील परत पाठवतो.

रात्री बाबांची कादंबरी.
त्यांचीच गोष्ट, नावं तेवढी बदललेली,
मिलच्या जुन्या खतावण्यांच्या पाठकोऱ्या पानांवर.
टाळेबंदीनंतर त्यांनी गुरू केला,
मुरारचे एक निवृत्त पोस्टमास्तर.
श्वास आत, सो. बाहेर, हं.
तेव्हापासून लिखाणातला मी झिजत गेला
मोरीतल्या साबणाच्या चिपटीसारखा.

म्हणतात, कर्ता नसतोच गं. घडतं.
आपण नुसती खिडकी.
व्याकरणही त्यांच्याच बाजूचं:
मिल बंद पडली. केस पिकले. भाऊ दुरावला.
खोटं कशाला बोलू,
बाराव्या प्रकरणात चंबळेवर धुकं उतरतं
आणि पाहता पाहता पाहणाराच उरत नाही,
तिथे मी हात मांडीवर ठेवून
बराच वेळ बसले होते.

मग पान एकशे बेचाळीस.
"त्या वर्षी थोरलीची शाळा सुटली."

सुटली.
जशी घंटा होऊन सुटते,
पोरं ओरडत रस्त्यावर येतात.

माझी नववी. संक्रांतीचा आठवडा.
पुस्तकं त्यांनी स्वतः नेली गजकवाल्याकडे,
चार किलो भरली, भूगोलाच्या वहीसकट.
येताना पाव किलो गजक आणली.
मी खाल्लीही.

काल विचारलं.
डोळे न उघडता म्हणाले,
सोडवणारा कोण, बाळ, सुटणारा कोण?
समोर चहा निवत होता.
तो मात्र कुणीतरी केला होता.

आता कागद मशीनवर आहे.
मी तिला शाळेतून काढलं.
एवढंच ठोकायचं त्या ओळीच्या जागी.
वेलांटीची कळ अडकते, नखाने उचलावी लागते.
पण बोट माझं.
उमटेल तो मी कुणाचा?
त्यांचा म्हणावा, तर कबुली त्यांनी दिलेली नाही.
माझा म्हणावा, तर पुढचं वाक्य
मला माझ्याविरुद्ध लिहावं लागेल.

भिंतीपलीकडे सो.
भिंतीपलीकडे हं.
उद्या दहाला एक वाटणीपत्र द्यायचंय.
म उमटलाय.
वेलांटी मी नखावर धरून बसलेय.