मतं खाणारी

तीनशे अठ्ठेचाळीस मतं मी खाल्ली,
असं वेन्डेल क्राउस म्हणाला,
दुसऱ्या कुणाचे खिळे तोलता तोलता,
माझ्याकडे न बघता.
त्याची बाई दोनशे एकवीस मतांनी पडली.
हिशेब सरळ आहे, आर्डिस, म्हणाला.
खिळ्यांचा असतो.

त्या रात्री मी काय खाल्लं ते सांगते:
डब्यातलं टोमॅटोचं सूप, गार,
सिंकपाशी उभ्यानं,
रेडिओवर एकेक केंद्र उलगडत असताना.
पोट भरल्याचं काही आठवत नाही.

सकाळपासून मी माझ्या पाट्या उपटत फिरतेय.
विस्कॉन्सिनची जमीन थँक्सगिव्हिंगच्या आत दगड होते,
तारांचे पाय आत राहतात, नाव तेवढं हातात येतं.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी या रस्त्यांवर,
घरं मला पोरांवरून ओळखू येतात:
इथला तो गाडी लागणारा,
इथली ती, पडलेला दात मुठीत घेऊन धावत आलेली.
त्यांची नावं आता मतदारयादीत आहेत.
काही जण पडद्याआडून बघतात.
हात हलवावा की नाही, ठरत नाही त्यांचं.

नदीकाठचा सरकारी वृद्धाश्रम विकायचा,
यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं.
एक म्हणत होता, वसंतात विकू.
दुसरी म्हणत होती, घाई नको, शरदात.
माझी आई चौदा नंबरच्या खोलीत आहे.
म्हणून तिसरं नाव.

आयोना नोव्होत्नीनं पाटी आधीच काढून, पुसून ठेवली होती.
दारातच रडली.
"मला तू हवी होतीस गं.
पण तो तर अजिबातच नको होता.
आणि भरायला गोल एकच."
हवं आणि नको, दोन्ही एका गोलात कसं मावावं?
तिनं नको भरलं.
मी तिला कॉफी करून दिली, तिच्याच घरात.

आता मी अर्ज घेऊन फिरते. बावन्न सह्या झाल्यात.
मागणी एवढीच: नावांपुढे आकडे लिहू द्या.
पहिली ही. ही नाहीच आली, तर ती.
शेवटच्याला गाळा, त्याची मतं पुढच्या पसंतीला द्या,
निम्म्याच्या वर कुणी जाईपर्यंत मोजत राहा.
मी तरीही पडले असते, वेन्डेल.
माझ्या गठ्ठ्यावर पाय देऊन तुझी बाई कदाचित वर आली असती,
कदाचित नसतीही:
साठेक जण तर मी नसते
तर घराबाहेरच पडले नसते,
आणि डेलबर्ट ओस्बीला तुम्ही दोघंही चोर वाटता.
आश्रम शरदात विकला गेला असता.
पण आयोना रडली नसती.
एवढ्यासाठी कायदा बदलतात का, विचारशील.
मला वाटतं, बदलावा.

यातलं एक अक्षरही मी दुकानात बोलले नाही.
तीन इंची खिळे मागितले फक्त.
"तीन इंची संपलेत," तो म्हणाला. "अडीच चालतील?"
"चालतील," मी म्हटलं,
आणि तशीच उभी राहिले, जरा जास्त वेळ.

त्यानं सुटे पैसे दोनदा मोजले.