नमुना क्रमांक सात

कॉलेजच्या पत्रात लिहिलं होतं :
'कालबाह्य तंत्रज्ञान. छायाचित्रे दहा.
पार्श्वभूमी मोकळी असावी. माणसे नकोत.'
तेलाचा घाणा, तारयंत्र, छपाईचे खिळे,
आमच्याच स्टुडिओतला काळ्या फडक्याचा कॅमेरा,
असे सहा बेळगावातल्या बेळगावात उरकले.
सातव्यासाठी हायवे सोडला
यमकनमर्डीच्या पुढं,
जिथं फाट्यावरचा फलक दोन लिप्यांत आहे
आणि एका लिपीवर डांबर.
कुठल्या, ते सांगत नाही.
येताना वाचता आलं तेवढ्यावर पोचलो.

माळावर लोखंडी मनोरा, चार पायांचा.
पाती अठरा, त्यातलं एक गेलेलं.
शेपटीच्या पत्र्यावर कंपनीचं नाव होतं,
गंजानं त्यातली दोन अक्षरं ठेवलीत.
ब्रेकची तार खाली ओढून
बैलाच्या साखळीनं पायाला बांधलेली,
साखळीला कुलूप.

'वाऱ्याला कुलूप कशाला?'
जक्कव्वा म्हणाली, 'रिकामी फिरती ओ रात्रभर.
बोअर मारल्यापास्नं दांडा सोडवून ठेवलाय.
पाणी न्हाई, काय न्हाई, नुस्तं कण्हणं.
झोप लागंना झाली.'
मग ट्रायपॉडच्या तीन पायांकडं बघत,
'मोजणीचं हाय काय हे?'
फोटोचं, म्हटलं.
'मग बरं. विकायची न्हाई, आधीच सांगते.'

भरमाण्णा दर अमावास्येला वर चढायचा,
कमरेला तेलाचा डबा.
वॉशर अथणीच्या कातड्याचा,
चपलेतलंच कातडं, तीन दिवस एरंडेलात भिजवलेलं.
'पायात घालायचं ते पाण्याच्या घशात घालतोस,
म्हणून भांडायची मी,' ती म्हणाली.
भरमाण्णा कुठं आहे, ते मी विचारलं नाही.
वर चढायच्या शिडीला
भोपळ्याचा वेल लागला होता.

मी फोकस लावत होतो.
हजारांश सेकंद धरला की फिरतं चाक थिजतं,
पंधरांश धरला की त्याचं धुकं होतं.
कॉलेजला थिजलेलं हवं होतं.
ते तर आधीच होतं.
लांब क्षितिजावर नव्या पवनचक्क्यांचे तीन-तीन हात
कुणाचं तरी बिल सावकाश मोजत होते.
त्या फ्रेममधून काढल्या.

'मेल्यासारखा कशाला काढतोस?'
जक्कव्वानं दिवळीतनं किल्ली आणली,
हळदीच्या डब्यामागनं.
साखळी सुटली. तार सैल झाली.
काहीच झालं नाही.
मी घड्याळ बघितलं. तिनं उसाचे शेंडे बघितले.
'गाळी बंतु,' ती म्हणाली,
माझ्या कानाला वारा लागायच्या आधी.

मग शेपटी वळली, गंजाची पूड उडाली,
सतरा पाती, एक फट,
फट, सतरा पाती,
आणि सुक्या लोखंडाचा तो आवाज
सगळ्या माळाला ऐकू गेला.

गोठ्यातली म्हातारी म्हैस उठली.
दाव्याला हिसका नाही, हंबरणं नाही,
खुंटी सैल होती तशीच ओढत
चालत आली हौदापाशी
आणि कोरड्या सिमेंटवर तोंड टेकवून
वाट बघत उभी राहिली.

'सहा वर्षं झाली की गं,' जक्कव्वा तिला म्हणाली.
मला काही म्हणाली नाही.
बोअरच्या नळाखाली बादली धरली, भरली,
हौदात ओतली. दुसरी भरली.
'एवढ्या लांबनं आली,
तिला खोटं कशाला पाडायचं.'

मी पंधरांश धरला होता.
वर धुकं, खाली म्हैस,
मधे बादली कलंडताना पाण्याची एक पांढरी रेघ,
फाट्यावरच्या कुठल्याच लिपीत न बसणारी.

कॉलेजचं उत्तर आठवड्यानं आलं :
'नमुना सात परत पाठवीत आहोत.
चाक स्पष्ट नाही. जनावर काढावे.'

अजून गेलो नाही.
परवा जोराचा वारा सुटला शहरात.
दुकानाचं शटर ओढता ओढता मनात आलं,
तिनं कुलूप परत लावलं असेल,
की म्हशीसाठी
अधूनमधून उघडत असेल.