मागची दोन

आधी जायचं कुठे ते सांग, टायर नंतर.
कावेतूना म्हणते, कुठे म्हणजे? नेहमीचंच.
नेहमीचंच म्हणजे ओपुवो सोडलं की खडी,
मग पन्हळी पत्र्यासारखा दात खिळखिळे करणारा रस्ता,
मग नदी, जिच्यात पाणी सोडून सगळं आहे.
मागे पाण्याची चार पिंपं, दोन बोकड,
कधी कळा सुरू झालेली एखादी पोर.

मी गाडीखाली सरकतो.
माणूस थापा मारेल, झिजलेलं रबर नाही मारत.
पुढचा डावा बाहेरच्या कडेनं खाल्लाय.
वळणावर घाई करतेस, मी खालूनच म्हणतो.
घाई मला नसते, ती म्हणते,
मागे झोपवलेल्या पोरींना असते.
मागच्या दोन्हींच्या कुशीत चिरा,
एकीत माझं नख शिरतं
आणि धाग्याला लागतं.

नवे भिंतीला टेकून उभे आहेत.
हा मोठ्या दातांचा, चिखलासाठी जन्मलेला.
इथे चिखल शेवटचा कुणी पाहिला, विचारू नकोस.
शनिवारी पोरं येतात, हाच मागतात,
आणि घूं घूं करत दारूच्या दुकानापर्यंत जाऊन येतात.
हा बारीक खाचांचा. डांबरावर गुणी,
दगड दिसला की रडतो.
आणि हा मधला. दिसायला काही नाही.
पण कुशीची कातडी बघ, दहा पदरी.
मी त्याच्यावर थाप मारतो,
विकायचा नसलेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

किती?
सांगतो.
तिचे ओठ हलतात, ती शेळ्या मोजते आहे.
एका टायरला तीन. चार घेतले तर कुंपणात
फक्त काटे उरतील.
दोन दे.

देतो, पण जन्मतारीख बघून घे.
इथे, कडेला, चार आकडे: आठवडा आणि साल.
न वापरता पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं.
ती वाकते, पण नव्यावर नाही, स्वतःच्या जुन्यावर.
बोटानं धूळ पुसते. अठ्ठावीस. एकोणीस.
एकोणीस, ती म्हणते. त्या साली गवत नव्हतं.
निम्मी गुरं बसली ती उठली नाहीत,
उरलेली उठताहेत तोवर विकली, त्यात ही गाडी आली.
म्हणजे मी कळप हाकत बाजाराला निघाले तेव्हा
हा कुठेतरी साच्यातून बाहेर पडत होता, गरम गरम.
मी काही बोलत नाही.
पान्हा शोधायचं निमित्त करतो.

हिकुआमा जॅक लावतो. पुढे ना?
ती म्हणते, पुढेच. दगड आधी पुढच्यांना दिसतात.
मी म्हणतो, मागे.
पुढचं चाक घसरलं तर तुझ्या हातांना कळतं,
तू काहीतरी करतेस. मागचं घसरलं
तर कळेपर्यंत तू उलटी बसलेली असतेस,
आणि मागे कोण झोपलेलं असतं, तूच सांगितलंस.
ती बराच वेळ चाकांकडे बघते.
मागे, ती हिकुआमाला म्हणते, जणू तिनंच ठरवलं.

वाळूत हवा सोड, मी सांगतो, हे मोजायचं यंत्र घे, स्वस्तात देतो.
ती केसांतली पिन काढते.
ही खुपसते आणि चाळीस आकडे म्हणते, मोठ्यानं.
नदी ओलांडली की पंप.
यंत्र मी पुन्हा खिळ्याला अडकवतो.
निघालेले दोन फेकू नकोस, ती म्हणते.
एक उभा चिरून शेळ्यांना पाणी पाजायला.
दुसरा मी मागून घेतो, चपलांसाठी.

तीन आठवड्यांनी होआरुसिबच्या पात्रात
कुणाची तरी पंक्चर काढायला गेलो होतो.
वाळूत तिची खूण ओळखली.
सरळ जाताना मागची चाकं पुढच्यांचा माग पुसून टाकतात,
त्यामुळे गाडी नवीकोरी वाटते, चारही.
फक्त वळणावर दोन रेघा वेगळ्या होतात:
आत नव्याच्या ताज्या खाचा,
बाहेर जुन्याची गुळगुळीत पट्टी,
आणि ती अजूनही कडेकडेनंच जास्त रुतलेली.