रीतीचे गुण

जानेवारी. हॅलिफॅक्स. चार वाजताच अंधार.
टेबलावर, हळदीच्या जुन्या डागाशेजारी,
शाल्मली उतार काढते:
पट्टी न लावता एक तिरकी रेघ,
रेघेवर चौकोन,
चौकोनातून चार बाण.
एक सरळ खाली, एक दोरीकडे, एक दोरीच्या उलट
आणि एक उतारातूनच वर फुटलेला,
ज्याचं कारण मला बारावीतही कळलं नव्हतं.

'दोन किलोचा कण,' ती वाचते.
दोन किलो आणि कण!
आमच्याकडे त्याला कांद्याची पिशवी म्हणतात.
'आई, त्याला आकार नसतो. गप्प बस ना.'

गप्प बसते. पण वाचते, उलट्या बाजूने.
काय एकेक वस्ती आहे त्या पेपरात!
दोरी इतकी हलकी की वजनच नाही,
कितीही ओढा, वाढत नाही.
कप्पी गुळगुळीत.
वाऱ्याने कुणाला अडवायचं नाही, हे आधीच ठरलेलं.
एक बाई कड्यावरून दगड फेकते,
का फेकते ते कुणी विचारत नाही,
किती सेकंदांनी पाण्यात पडेल, एवढंच.

मी दिवसभर औषधांच्या दुकानात
म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या
वारांच्या खणांत भरते.
सोमवार सकाळ, सोमवार रात्र.
तिथे काहीही नगण्य धरता येत नाही.

गेल्या गुरुवारी आमच्या गल्लीत
कचऱ्याचा डबा आडवा झाला
आणि बर्फावरून घसरत थेट मिस्टर ग्रीनवुडांच्या फाटकात.
ते स्लिपर घालून बाहेर, हातात मिठाची बादली,
मी माफी मागत,
आणि ही रस्त्यावर फोन आडवा ठेवून कोन मोजते आहे!
'चौदा अंश. म्हणजे म्यू पॉइंट टू फाइव्हच्या खाली गेला.'
पाव, मी म्हटलं.
'काय?'
पॉइंट टू फाइव्ह म्हणजे पाव.
अण्णा गुळाच्या अडतीवर काट्यापाशी बसायचे,
त्यांनी मला पावकी घोकून घेतली होती.
चौदा पावकी साडेतीन, पंधरा पावकी पावणेचार,
ग्रीनवुडांना काही समजलं नाही,
त्यांनी दोघींच्या पायांपुढे मीठ टाकलं.

आता पाचवा प्रश्न. ती थांबते.
पेन्सिल दातांत.
मग पानभर आडवी काट मारायला हात उचलते.
थांब, मी म्हणते, उत्तरं माझ्याकडे आहेत.
(माझं काम तेवढंच, तपासायचं.
गणित नाही येत, पण जुळवता येतं.)
पहिल्याच ओळीत साइनच्या जागी कॉस.
बाकी दीड पान त्या कॉसला धरून
प्रामाणिकपणे खाली उतरलेलं.

मी बोटाने शोधते:
रीतीला एक, मिळाला.
अचूकपणाचा गेला.
पुढे मागचंच चुकलेलं उत्तर घेऊन
वाट नीट चालली असेल तर
पुढच्या रीतीचेही द्यावेत.
द्यावेत, असं छापलंय इथे.
पुन्हा वाचते.

माझ्या पेपरावर, मिरजेत, एकच तांबडी रेघ होती
वरपासून खालपर्यंत.
कुठे चुकलं ते कुणी सांगितलं नाही
आणि मीही विचारलं नाही,
डी. फार्म.ला गेले.

'किती?'
आठातले पाच.
'उत्तर साफ चुकलंय, तरी पाच?'
तिला त्यात काही विशेष वाटत नाही,
मिस्टर सटक्लिफ रोज हेच सांगतात म्हणे.

हा बाण कसला गं, मी विचारते,
हा वर जाणारा?
'तो? उतार कणाला ढकलतो.'
उतार?
'हो. जमीन तुलाही ढकलतेय, आत्ता. नाहीतर खाली गेली असतीस.'
तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

मी उभी, लिनोलियमवर, एका मोज्याला भोक.
टाच गार.
आमटी उतू जायच्या बेतात.

'सहावा,' ती म्हणते.