फलकाचं काम

मी रस्ता करत नाही, रस्त्याचा फलक करतो.
चार बाय सहाचा पत्रा, दोन अँगल,
आधी रेड ऑक्साइड, मग पिवळा, त्यावर काळी अक्षरं.
रक्कम तेवढी लाल. तसंच सांगतात साहेब.

'धामणटाकळी ते जिंतूर रोड, जोडरस्ता सुधारणा करणे.'
हा एकच पत्रा मी तीनदा लिहिला.
पहिल्यांदा लेखाशीर्ष पंचवीस-पंधरा,
लांबी दोन किलोमीटर चारशे.
मग तीस-चोपन्न, लांबी एक आठशे.
मग पन्नास-चोपन्न, लांबी नऊशे मीटर.
रक्कम दर खेपेला वाढलेली.
एक गाव जागचं न हलता
रोडच्या इतकं जवळ कसं येत गेलं
हे विचारायचं होतं मला,
पण ब्रश दातांत होता, राहून गेलं.

शेवटच्या ओळीत 'काम पूर्ण झाल्याचा दिनांक'.
ढगे साहेब म्हणाले, इलियास, तिथं जागा सोड.
किती?
दहा अक्षरांची.
सोडली.
त्या जागेत पोरांनी खडूनं स्कोअर मांडला,
मग कुणाची शेळी हरवली, पांढरी, एक शिंग मोडकं,
खाली मोबाईल नंबर.
मग बोअरवाल्याचं स्टिकर.

आमच्याकडची काळी तुम्हाला माहीत नसेल.
मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो,
आषाढात ती चप्पल ठेवून घेते.
खडी टाका, मुरूम टाका,
एकेकाला खाली बोलावून घेते.
ढगे साहेब एकदा चहा पिता पिता बोलून गेले:
काळीवर रस्ता म्हणजे दह्यावर पाट मांडणं.
करायचाच तर आधी दीड मीटर माती काढावी लागते,
आणि काढलेली माती
फलकावर लिहिता येत नाही,
म्हणून तिला कुणी पैसे देत नाही.

पण एक झालं.
जिंतूरहून येणारी एसटी आधी इथं थांबत नव्हती.
थांबायला खूण काय होती? बाभळी तर सगळीकडेच.
पत्रा उभा राहिला आणि घुगे बाई कंडक्टर
दोरी ओढायला लागल्या : बोर्ड! बोर्डवाले, उठा!
मशिनीत बोर्ड नावाचं गाव नाही,
तिकीट पुढच्या थांब्याचं, पाच रुपये वरचढ.
लोकांनी दिले. भांडले नाहीत.
आता पाहुण्याला पत्ता सांगताना धामणटाकळीची माणसं
'बोर्डापासून आत' एवढंच म्हणतात.
दुधाचे कॅन तिथंच उतरतात, गॅसची टाकी तिथंच,
आणि वच्छला आशाताई लशीचा डबा तिथूनच उचलते,
एका हातात डबा, एका हातात चपला,
बर्फ विरघळायच्या आत चालते.

यंदा मे महिन्यात खरोखर रोलर आला.
पोरं तीन दिवस शेजारून पळाली.
नऊशे मीटर झालं. पुढं ओढा.
ओढ्याच्या पुढं पूर्वीसारखंच.

जून सरताना साहेबांचा फोन:
तारीख भरून टाक.
कोणती?
एकतीस मार्च.
गेलो. स्टिकर खरवडलं, शेळी पुसली,
नंबर वहीत उतरवून घेतला, सापडली नसेल तर.
दहा अक्षरं, लाल रंगात.
साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही:
उन्हात सगळ्यात आधी लाल उडतो.
दोन उन्हाळ्यांत तारीख जाईल, रक्कम जाईल,
गावाचं नाव तेवढं मागं राहील, काळ्यात.

डबा घेऊन वच्छलाबाई उभीच होती.
म्हणाली, काम झालं म्हणता, मग बोर्ड काढून नेणार का?
गाडी कुठं थांबल मग आमची?

मी म्हणालो, निघायचा नाही ताई.
याचा खड्डा मी स्वतः खांदलाय.
दीड फूट सांगितलं होतं.
मी काळी संपून मुरूम लागेपर्यंत
खाली गेलो होतो.