एक युआनची हवा

तिसरा दिवस समोरच्या वाऱ्याचा.
पॉपलरची झाडं सगळी एका अंगाला कललेली,
ताशी सात किलोमीटर, तेही उतारावर.
मक्याची कणसं भरलेली तीनचाकी शेजारून गेली,
वर बसलेली म्हातारी
मला मागे टाकताना थोडी ओशाळली.

शानदानच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

दुकान म्हणजे एक छत्री, एक पाट, पाण्याची परात.
'कुठली तू?'
'लाटव्हिया.'
'रशिया?'
'नाही. शेजारी.'
'मग रशियाच,' म्हणत तो टायरला भिडला.
वाद घालण्याइतकं चिनी माझ्याकडे नव्हतं.
असतं, तर पंक्चर दुसऱ्या दिवसावर गेलं असतं.

नाव श्वे. वय त्याने हातानेच सांगितलं :
पाची बोटांची चोच म्हणजे सात,
आणि एक म्हणजे एकच.
मग रोजचे प्रश्न, मला आता पाठ झालेले.
पगार किती? लग्न? एकटीच का?
सायकल केवढ्याची?
मी निम्मी किंमत सांगितली,
तरी त्याचा हात परातीत थांबला.

ट्यूब पाण्यात फिरत राहिली
आणि एका जागी बारीक बुडबुडे सुटले.
ट्रकच्या फुटक्या टायरमधली तार,
केसाएवढी. ती त्याने चिमटीत धरून
मला उजेडात दाखवली,
जसा डॉक्टर दाखवतो काढलेला दात.

चाक बसवलं, चिखल पुसला,
मग सायकलकडे बोट, स्वतःकडे बोट, रस्त्याकडे बोट.
मी हो म्हणाले.
तो बँकेच्या कोपऱ्यापर्यंत गेला
आणि कोपऱ्यापलीकडेही गेला.

पासपोर्ट सायकलवर. तंबू सायकलवर.
पैसे, नकाशे, सुकवायला बांधलेले मोजे, सगळं सायकलवर.
दहा मिनिटं झाली. वीस.
पोटात गोळा घेऊन मी त्याच्या पाटावर बसले.

लाल रुमाल बांधलेली एक शाळकरी मुलगी आली,
मला न समजलेलं काहीतरी म्हणाली
आणि पुढचं चाक अंगठ्याने दाबून दाखवलं.
ते समजलं.
मी हवा भरली.
तिने छत्रीच्या दांड्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा कागद
फोनने टिपला, आणि टांगलेल्या डब्यातून
एक बाई खणखणीत बोलली :
एक युआन जमा.

मग खाटीक आला. मग दोन आज्या, एकाच सायकलसाठी.
मग नुसतेच बघणारे.
परदेशी बाई हवा भरते हे बघायला
नूडलवाली हाताला पीठ तसंच ठेवून आली
आणि गरम पाण्याचा थर्मास माझ्याजवळ टेकवून गेली.
डब्यातली बाई अधूनमधून बोलत होती.
मला वाटलं, त्या गल्लीत
माझं चिनी तेवढं एकटी तिलाच कळतंय.

तासाभराने श्वे आला, कॅरिअरवर कलिंगड बांधून.
धाकटा भाऊ, त्याने सांगितलं,
(तळहातावर गाल टेकवून : अंथरुणाला खिळलेला)
त्याच्या खिडकीखालून तीन फेऱ्या मारल्या.
दोघं मिळून एक सायकल चालवायचे लहानपणी,
एक पायडल याचं, एक त्याचं.
हे शेवटचं मी हावभावांवरून जुळवलं,
चूकही असेल.

'आणि इथे मी?' मी विचारलं, म्हणजे
पाटाकडे आणि पोटाकडे बोट दाखवलं.
त्याने हसत खिशातला फोन काढला.
तिकडे टण टण वाजत होतं म्हणे,
दुकान चालू होतं, मग घाई कशाला?

हिशेब : अंगठा आणि करंगळी वर, म्हणजे सहा युआन.
पंक्चरचे पाच.
उरलेल्या एकासाठी त्याने पत्र्याचा डबा उपसला,
वॉल्व्ह, छर्रे, गंजके नट बाहेर काढले,
आणि तळाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.
कलिंगड वेगळं. कलिंगडाचा हिशेब नाही.

दुसऱ्या दिवशीही वारा समोरूनच,
वर सहा किलोचं फळ.
पुढच्या गावात चहावाल्याने नाणं घेतलं नाही.
सुट्टे नकोत, फोन काढा म्हणाला.
मग ते हँडलच्या पिशवीतच राहिलं.
खराब रस्ता आला की
पंपावर आपटून वाजतं.