व्यक्तिनिहाय: नाही

अंबडला आमच्या कंपनीचं एक संकेतस्थळ आहे,
बाहेरच्या कुणाला न दिसणारं,
परसातल्या आडासारखं. नाव 'संवाद'.
अकराशे चाळीस माणसं, आणि निकुंभ साहेबांचे प्रश्न:
कोण येतं? काय बघतं? किती वेळ?
मोजायला काहीतरी आणा. शुक्रवारपर्यंत.

मी तीन आणली.

पहिलं फुकट.
पण कॅन्टीनच्या पानावरची एकेक टिचकी
ते सातासमुद्रापार पाठवणार, आणि तिथून ती
रंगीत वर्तुळ होऊन परत येणार.
आज मटकीची उसळ आहे का, हे इतक्या लांबून विचारायचं?

दुसरं महाग, देखणं.
माऊस कुठे अडखळला, कुठल्या ओळीवर रेंगाळला,
लाल, पिवळं, टोकन नंबरासकट.
विक्रेता सातपूरच्या हॉटेलात ताक पिताना म्हणाला,
मॅडम, माणूस उघडा दिसतो यात.
कौतुकानेच म्हणाला.

तिसरं जुनाट.
आमच्याच रॅकमध्ये, खालून दुसऱ्या सर्व्हरवर बसून
रात्रभर नोंदी वाचतं,
पत्त्याचे शेवटचे आकडे पुसून टाकतं,
सकाळी एक करडा तक्ता ठेवतं. बास.

आधी तेच लावून पाहिलं, पंधरा दिवस.
एमडींचं मनोगत: चार भेटी. त्यातल्या तीन माझ्या.
कॅन्टीन: नऊ वीसला झुंबड.
सुरक्षेचे नियम: एक. तोही बहुतेक चुकून.
आणि रोज तिसऱ्या पाळीत, तीनला दहा कमी असताना,
प्रेस शॉपमधून कुणीतरी
स्वेच्छानिवृत्तीचं पान उघडतं.
अकरा मिनिटं.
अर्ज उतरवून घेत नाही.
बंद करतं.

तिथला कॉम्प्युटर एकच, सगळ्या पाळीचा.
तेलकट कीबोर्ड, एन्टरचं बटण अंगठ्याने झिजलेलं.
दुसरं साधन घेतलं असतं तर मला नाव कळलं असतं.
निकुंभ साहेबांनाही.

वडील महापालिकेत होते. सिंहस्थात त्यांची ड्यूटी
रामकुंडाकडे उतरणाऱ्या एका बोळात,
हातात खटक्याचं यंत्र. डोकं गेलं की खटका.
चहाला जाऊन आले की दोनशे खटके अंदाजाने मारायचे.
एकदा एक म्हातारी, चुकलेल्या नवऱ्याला शोधत,
सात वेळा समोरून गेली. सातही वेळा मोजली.
घरी येऊन सांगितलं, आज सात जणी नवरे शोधत होत्या.
आम्ही हसलो. ते नाही.

तुलनेच्या तक्त्यात अठरा रकाने:
किंमत, वेग, हमी, आलेख किती रंगांचे.
सोळावा, व्यक्तिनिहाय माहिती.
तिसऱ्यापुढे मी टाईप केलं: नाही.
साहेबांनी चष्मा वर केला. ही उणीव ना?
म्हटलं, सर, शॉपमधली मशीनं सामायिक आहेत,
नाव चुकीच्याच माणसाला लागेल.
हे खरं होतं.
कारण मात्र हे नव्हतं.

शुक्रवारी सही झाली.
शनिवारी ते पान मी उघडून पाहिलं,
प्रेस शॉपच्या जुन्या पडद्याएवढं लहान करून.
सेवेची वर्षं दिसत होती. रक्कम उजवीकडे, पडद्याबाहेर.
एकेक ओळ सरकवत बघायची,
मग परत डावीकडे यायचं, आपली वर्षं कुठली ते शोधायला.
अकरा मिनिटं लागतील नाहीतर काय.
तक्ता दुरुस्त केला. खाली रेवती खैरनारचा
एक्स्टेन्शन नंबर टाकला, तिला विचारून.

सोमवारी: दोन पन्नास, प्रेस शॉप, चार मिनिटं.
मंगळवारी पाच.
बुधवारी काहीच नाही, पण बुधवारी रात्री
फीडर गेला होता, अख्खं अंबड अंधारात.
गुरुवारचा तक्ता अजून उघडलेला नाही.
नऊ वाजून गेलेत,
आधी मेनू टाकायचाय.